वेल्श शौर्यपदकधारी सैनिकाच्या सेवानोंदींचा शोध

वेल्समधील एखाद्या पदकविजेत्या सैनिकाने कोणत्या पलटणीत, कोठे व किती काळ नोकरी केली आणि त्याला पदक कोणत्या कामगिरीबद्दल मिळाले, हे मूळ कागदपत्रांवरून निश्चित करण्याचे काम. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) सैनिकांच्या बाबतीत हे काम सर्वांत अवघड जाते. त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे सेवापत्रांचा मोठा भाग जळून गेला आहे आणि दुसरे म्हणजे वेल्समध्ये एकाच नावाची माणसे फार आहेत.

सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातील आर्नसाइड स्ट्रीटवरच्या सरकारी गोदामावर जर्मन बाँब पडले. पहिल्या महायुद्धातील साध्या शिपायांची व सार्जंटांची सेवापत्रे तेथे ठेवलेली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाली. उरलेली पत्रे कडा करपलेल्या, पाण्याने भिजलेल्या अवस्थेत वाचली. आता ती लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत व त्यांच्या प्रतिमा संगणकावर पाहता येतात. जखमी वा आजारी होऊन निवृत्तिवेतन मिळालेल्यांची कागदपत्रे वेगळ्या संग्रहात असल्याने आगीतून बचावली. त्यामुळे एका संग्रहात माणूस सापडला नाही, तरी दुसरा चाळणे आवश्यक असते.

नावांची अडचण किती खोल जाते, ते झूलू युद्धातील रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवरून (२२–२३ जानेवारी १८७९) दिसते. तेथील बचावासाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक) दिले गेले. त्यांपैकी सात २४ व्या पलटणीला (पुढील साउथ वेल्स बॉर्डरर्स) मिळाले. जळत्या रुग्णालयाची एकच खोली लढविणारे दोन शिपाई जोन्स आडनावाचेच होते. त्यांपैकी रॉबर्ट जोन्स मनमथशरचा, तर विल्यम जोन्स इंग्लंडचा होता. दुसऱ्या खोलीत दोन विल्यम्स होते. जोसेफ विल्यम्स तेथेच मारला गेला; जॉन विल्यम्सने भिंतीला भोक पाडून रुग्णांना बाहेर काढले व त्याला क्रॉस मिळाला. जॉन विल्यम्सचे खरे नाव तर जॉन फील्डिंग होते. ॲबर्गव्हेनी येथे जन्मलेला हा आयरिश वंशाचा तरुण खोटे आडनाव सांगून फौजेत भरती झाला होता. जन्मनोंदीत ‘विल्यम्स’ शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. पलटणीतही अशा माणसांना नावापुढे क्रमांक लावूनच हाक मारीत.

म्हणून शोधाचा खरा आधार नाव नसून सैनिकाचा क्रमांक असतो. तोही सावधपणे वापरावा लागतो. १९२० पूर्वी प्रत्येक रेजिमेंट आपले क्रमांक स्वतंत्रपणे देत असे. त्यामुळे एकच क्रमांक वेगवेगळ्या रेजिमेंटमधील अनेकांना असू शकतो. रेजिमेंट बदलली की क्रमांकही बदले. टेरिटोरियल फोर्सच्या (अर्धवेळ राखीव सैन्याच्या) सैनिकांना १९१७ मध्ये नवे सहा आकडी क्रमांक मिळाले. त्यामुळे १९१५ चा व १९१८ चा कागद एकाच माणसाचा असूनही दोन माणसांचा वाटतो. क्रमांक, नाव आणि पलटण ही तिन्ही जुळल्याशिवाय ओळख पटली असे मानता येत नाही.

क्रमांक हाती नसेल, तर तो बहुधा पदकाच्या कडेवरच मिळतो. युद्धसेवेबद्दल मिळणाऱ्या ब्रिटिश वॉर मेडल व व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व रेजिमेंट कोरलेली असते. १९१४ च्या व १९१४–१५ च्या स्टार या पदकांवर हाच मजकूर मागील बाजूस असतो. कोणती पदके मिळाली यावरूनही तारखा कळतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये गेलेल्याला १९१४ चा स्टार मिळे. १९१५ अखेरपर्यंत युद्धक्षेत्रात पोहोचलेल्याला दुसरा स्टार. त्यानंतर गेलेल्याला कोणताच नाही. सेवापत्र जळलेले असले तरी पदकांची सूचिकार्डे शाबूत आहेत. स्टार मिळालेल्यांच्या कार्डावर युद्धक्षेत्र व तेथे उतरल्याची तारीखही बहुधा असते. बटालियन कळण्यासाठी मात्र पदकांच्या मूळ याद्या पाहाव्या लागतात, आणि हा टप्पा वगळणे परवडत नाही. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्ससारख्या रेजिमेंटच्या बटालियन एकाच वेळी फ्रान्स, पॅलेस्टाइन व मेसोपोटेमियात लढत होत्या. नुसत्या रेजिमेंटच्या नावावरून सैनिक कोठे होता, हे सांगणे म्हणजे अंदाज होय.

शौर्यपदकांची अधिकृत घोषणा लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात होई, परंतु सर्व पदकांचा तपशील सारखा नाही. व्हिक्टोरिया क्रॉस व डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल यांच्याबरोबर सामान्यतः कामगिरीचे वर्णन छापले जाई. मार्च १९१६ मध्ये सुरू झालेल्या मिलिटरी मेडलचे मात्र बहुधा नाव, क्रमांक व पलटण एवढेच छापत. हे पदक त्या युद्धात १,१५,००० हून अधिक वेळा दिले गेले. त्यामुळे घरोघरी जपलेल्या शौर्यपदकांपैकी बहुतेकांमागची हकीकत गॅझेटमध्ये नाही. त्या युद्धातील शिफारसपत्रेही बव्हंशी १९४० मध्ये जळाली. शिवाय गॅझेटची तारीख ही पराक्रमाची तारीख नव्हे. ३१ जुलै १९१७ रोजी पिल्केमच्या लढाईत सार्जंट आयव्हर रीस, सार्जंट रॉबर्ट बाय व कॉर्पोरल जेम्स लेवेलिन डेव्हिस या तिघांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले. घोषणा सप्टेंबरमध्ये झाली. मिलिटरी मेडलच्या बाबतीत हे अंतर कित्येक महिन्यांचे असते.

ही पोकळी भरून काढणारे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे बटालियनची युद्धदैनंदिनी. बटालियन रोज कोठे होती, कोणत्या खंदकात गेली, किती माणसे पडली, हे तीत असते. साध्या शिपायाचे नाव तीत क्वचितच येते. पण महिन्याच्या शेवटी पदक मिळालेल्यांची यादी पुष्कळदा आढळते. गॅझेटच्या तारखेपासून मागे जात दैनंदिनी वाचली, की कोणत्या चढाईत वा छाप्यात पदक मिळाले असावे, हे बऱ्याच खात्रीने ठरविता येते. ३८ व्या वेल्श डिव्हिजनच्या सैनिकासाठी जुलै १९१६ मधील मामेट्झ वुडच्या लढाईची पाने प्रथम पाहावीत.

वेल्श पलटणीतील माणूस वेल्शच असेल, असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. साउथ वेल्स बॉर्डरर्सच्या चौथ्या बटालियनचा जेम्स फिन हा कॉर्नवॉलचा होता. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील सन्नाइयात येथे त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ही बटालियन तेव्हा कूत येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनच्या सुटकेसाठी लढत होती. उलट, ॲबरिस्टविथजवळ जन्मलेला लुइस प्यू एव्हान्स हा ब्लॅक वॉच या स्कॉटिश रेजिमेंटचा अधिकारी. लिंकनशर रेजिमेंटच्या बटालियनचे नेतृत्व करताना, ऑक्टोबर १९१७ मध्ये, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

माणसाची ओळख घट्ट करण्याचे काम स्थानिक वृत्तपत्रे करतात. ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची इंग्रजी व वेल्श वृत्तपत्रे संगणकावर विनामूल्य खुली केली आहेत. त्यांत सैनिकाच्या वडिलांचा धंदा, खाण, शेत वा घराचे नाव व चॅपेल दिलेले असते. एका गावातील अनेक जोन्सांतून हवा तो निवडायला हाच मजकूर उपयोगी पडतो. वेल्श न वाचणारे संशोधक यांतील वेल्श सामग्री सोडून देतात, आणि हा मोठा तोटा आहे. आठवणींची पुस्तके मात्र पारखून घ्यावीत. ब्लाइना येथे वाढलेल्या फ्रँक रिचर्ड्सने डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल व मिलिटरी मेडल अशी दोन्ही पदके मिळविली. त्याचे जन्मनाव वुडरफ होते. त्याचे १९३३ मधील आत्मकथन शिपायाच्या दृष्टीने लिहिलेला अमोल दस्तऐवज आहे. पण त्यातील तारखा दैनंदिनीशी ताडून पाहणे योग्य.

दुसऱ्या महायुद्धातील शौर्यपदकांची शिफारसपत्रे मोठ्या प्रमाणावर टिकली असून क्यू येथे नावावरून शोधता येतात. त्या काळातील सेवापत्रे दीर्घकाळ संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात होती. २०२२ पासून ती टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपविली जात आहेत.