पिंपांवरच्या फळीचा मागोवा

नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते आणि पुढे धर्माबादजवळ बाभळीच्या बंधाऱ्याला जाऊन भिडते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे या बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलैला वर जातात आणि 29 ऑक्टोबरला खाली येतात. दरवाजे पडले की पात्रात पाणी साचून राहते आणि होड्या-तराफ्यांचे दिवस सुरू होतात. पिंपे दोन ओळींत बांधायची, वर चौकट ठोकायची, चौकटीवर फळ्या अंथरायच्या, एवढाच सारा कारभार. यात पिंप टिकते, फळी मात्र लवकर जाते. ती बदलताना काय घालावे, हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचा माग काढत आपण अडीच हजार वर्षे सहज मागे जाऊ शकतो.

इसवी सनापूर्वी 480 मध्ये इराणचा सम्राट झेर्क्सेस ग्रीसवर चालून निघाला, तेव्हा त्याने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचे दोन पूल बांधले. एकात 360 नावा, दुसऱ्यात 314. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नावांइतकेच लक्ष वरच्या जमिनीकडे दिले आहे. दोरखंडांवर फळ्या, फळ्यांवर झाडझाडोरा, त्यावर माती टाकून ती धुमसलेली, आणि दोन्ही कडांना कुंपण, म्हणजे जनावरांना खालचे पाणी दिसून ती बिथरू नयेत. तरंगत्या डेकची इतकी तपशीलवार आणि इतकी जुनी कृती दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आपल्याकडे नदी ओलांडायला कोरड्या भोपळ्यांची सांगड होती आणि भोयांच्या होड्या होत्या. समुद्रावर जाणाऱ्या नौकांचा विचार भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त सापडतो. तिथे लाकडांच्या जाती लावल्या आहेत आणि सागरी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत असे बजावले आहे. कारण दिले आहे ते समुद्रातल्या लोहचुंबकी खडकांचे. कारण भाकड, पण लोखंडी खिळ्याविषयीचा संशय खोटा म्हणता येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने शिवलेल्या नावा पुढे शतकानुशतके चालल्या.

आता आपण थेट 1803 च्या पावसाळ्यात येऊ. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली अहमदनगरचा किल्ला घेऊन ऑगस्टच्या उत्तरार्धात टोक्याजवळ गोदावरीच्या काठी पोहोचला. मुंबईला त्याच्यासाठी तरंगत्या पुलाची सामग्री तयार झाली होती, पण चिखलाच्या रस्त्यांनी ती वेळेवर पोहोचू दिली नाही. शेवटी वेताच्या टोपल्यांवर बैलाचे कातडे चढवून केलेल्या गोल होड्यांतून फौज पार झाली आणि 23 सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्या होड्यांना डेक नव्हताच. त्याच नदीच्या खोऱ्यात, अगदी अलीकडे, जायकवाडीच्या फुगवट्यावरच्या भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जात होती. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची दखल घेतली. दोनशे वीस वर्षांत गोदावरीच्या पोराबाळांच्या वाट्याला कातड्याऐवजी थर्माकोल आला, ही प्रगती म्हणायची तर म्हणावी.

फळीच्या इतिहासातला खरा मोठा माणूस म्हणजे साग. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ 1817 मध्ये बांधून पाण्यात सोडली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावरच उभी आहे. ओकमध्ये लोखंडी खिळा गंजतो, सागाच्या तेलात तो निभावतो, हे जहाजबांधणाऱ्यांना ठाऊक होते. धातूला धातू लागला की मात्र सागही वाचवू शकत नाही. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या नौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला, आणि पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांवर होता ते खाऱ्या पाण्यात झिजून गेले. हम्फ्री डेव्हीने 1824 च्या सुमारास या झिजेमागची वीज उलगडून दाखवली.

हीच जुनी भानगड विसाव्या शतकात नव्या वेशात आली, आणि तिचे मूळ भारतात आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी 1933 मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे एक मिश्रण तयार केले. दाबाखाली ते लाकडात मुरवले की वाळवी आणि बुरशी दूर राहते. जगभरच्या तारखांबांना, धक्क्यांना आणि अंगणांच्या फळ्यांना या शोधाने दशकानुदशके आयुष्य दिले. आपल्याकडे त्या शास्त्रज्ञाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पाण्याला दाद न देणारा फिनॉलिक डिंक प्लायवुडला मिळाला. मग 1952 मध्ये मिनेसोटातल्या रिचमंड गावी अँब्रोज वीअर्स यांनी पोलादी पिंपांच्या दोन रांगा सांधून त्यावर लाकडी फलाट बसवला. आजच्या पाँटून बोटीची वंशावळ तिथपासून धरतात. पुढे पोलाद जाऊन ॲल्युमिनियम आले, आणि औषध मुरवलेल्या फळीतले तांबे ओलाव्यातून त्या ॲल्युमिनियमला खाऊ लागले. ‘अलार्म’चीच गोष्ट, फक्त पात्रे बदललेली. आर्सेनिकच्या भीतीने 2003 अखेर अमेरिकेत घरगुती लाकडासाठी हे औषध थांबले. त्याच्या जागी आलेल्या औषधांत तांबे आणखीच जास्त.

आज नांदेडच्या बाजारात पर्याय भरपूर आहेत. किनवटकडचा साग उत्तम, पण अख्खा डेक सागाचा करणे म्हणजे तराफ्याला वाड्याचा थाट. प्लास्टिक-लाकूड मिश्रणाच्या पट्ट्या कुजत नाहीत, मात्र जड असतात आणि उन्हात खाली झोल धरतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सर्वांत टिकाऊ. पण मे महिन्यात त्यावर अनवाणी उभे राहून दाखवावे. माझे मत 19 मिमीच्या मरीन प्लायच्या बाजूने आहे. आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्या. त्या प्रतीचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. चौकट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचे औषध मुरवलेली फळी घेऊ नका, बोल्ट स्टेनलेसचे वापरा, आणि प्लायवर कार्पेट चिकटवू नका, ते पाणी धरून ठेवते. दुकानदार शिक्का दाखवील, पण कापलेल्या कडा आणि बोल्टांची भोके इपॉक्सीने बंद करून देणार नाही. ते काम पहिल्याच दिवशी स्वतः उभे राहून करून घ्या.