छापा आणि काटा

नाण्याच्या दर्शनी बाजूस छापा आणि पाठीमागच्या बाजूस काटा म्हणतात. सत्ता कोणाची हे सहसा छाप्यावरून कळते. किंमत व सन बहुधा काट्यावर असतात.

काटा म्हणजे तराजू. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील तांब्याच्या पाव आण्यावर तो खरोखरच दिसतो : एका बाजूस कंपनीचे मानचिन्ह, दुसरीकडे तराजू व त्याखाली फार्सी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. शिवराईवर (पहा : शिवराई) राजाचा चेहरा नाही, तेथे ‘श्री राजा शिव’ ही दर्शनी बाजू आणि ‘छत्रपति’ ही पाठ मानतात. १९५० पासून भारतीय नाण्यांच्या छाप्यावर अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आहे (पहा : राजमुद्रा).

सत्तेच्या चिन्हावरून छापा ओळखण्याची ही खूण जपानमध्ये चालत नाही. चलनी नाण्यांवर सम्राटाचा चेहरा नसतो, कायद्यानेही दर्शनी बाजू ठरवलेली नाही. टांकसाळ सन असलेली बाजू पाठ मानते. पाच येनच्या नाण्यावर भाताची लोंबी आणि किंमत एकाच बाजूस आहेत.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात, भिल्ल व पावरा स्त्रियांच्या दागिन्यांत चांदीचे जुने रुपये ओवलेले आढळतात. व्हिक्टोरियाच्या छाप्यावरून ‘राणीछाप’ हे नाव रूढ झाले. रुपया चेहरा पुढे ठेवून ओवला, की सन आत, अंगाकडे जातो. त्यामुळे अशा हाराची नोंद करताना प्रत्येक नाणे उलटून पाहावे व दोन्ही बाजू टिपाव्यात (पहा : नाणकशास्त्र).