तिमाही निकाल व भांडवल-धोरण : वित्तीय आणि स्थावर मालमत्ता कंपन्या

शेअर बाजारात सूचिबद्ध असलेली कंपनी दर तीन महिन्यांनी आपले उत्पन्न, खर्च व नफा यांचा जो हिशेब जाहीर करते, त्याला तिमाही निकाल म्हणतात. पैसा कोठून उभारायचा, किती हाताशी राखायचा, कशात गुंतवायचा व लाभांश किती द्यायचा, यासंबंधीचे कंपनीचे निर्णय म्हणजे तिचे भांडवल-धोरण. बँका व बिगरबँक वित्तीय कंपन्यांचा कच्चा माल पैसाच असतो, तर बांधकाम कंपन्यांचा पैसा वर्षानुवर्षे जमिनीत व अर्धवट इमारतींत अडकलेला असतो. त्यामुळे या दोन्ही क्षेत्रांत नफ्याचा आकडा भांडवलाच्या स्थितीबरोबरच वाचावा लागतो.

कायदेशीर चौकट : भारतातील आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असून जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांच्या अखेरीस तिमाही संपते. भांडवल बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ हिच्या २०१५ च्या सूचिबद्धताविषयक नियमावलीनुसार तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि लेखापरीक्षित वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. निकालांना संचालक मंडळाची मंजुरी लागते. मंडळाची बैठक बाजाराच्या वेळेत संपल्यास अर्ध्या तासात ते शेअर बाजाराला कळवावे लागतात. तिमाही संपल्यापासून निकालानंतरचे ४८ तास उलटेपर्यंत आतल्या गोटातील अधिकाऱ्यांना कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री करता येत नाही. बऱ्याच बँका व विकासक तिमाही संपताच काही दिवसांत ठेवी, कर्जे किंवा घरविक्रीचे तात्पुरते आकडे देतात, त्यामुळे बाजाराचा अंदाज मुख्य निकालाआधीच बांधला जातो.

वित्तीय कंपन्यांचे निकाल : कर्जावर मिळालेले व्याज आणि ठेवी व उसनवारीवर दिलेले व्याज यांतील फरक म्हणजे निव्वळ व्याज उत्पन्न. मालमत्तेच्या तुलनेतील त्याच्या टक्केवारीला बाजारात ‘निम’ म्हणतात. पैसा उभारण्याची रीत बदलली की हा आकडा लगेच हलतो. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. ठेवींऐवजी मुख्यतः रोखे व कर्जे यांवर चालणाऱ्या संस्थेचा भार बँकेवर आला आणि एकूण मालमत्तेवरील तिचे निम आधीच्या तिमाहीतील ४.१ टक्क्यांवरून सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीत ३.४ टक्क्यांवर उतरले.

नफा ठरवणारा दुसरा घटक म्हणजे बुडीत कर्जांसाठीची तरतूद. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँकेचे कर्ज अनुत्पादित, म्हणजे एनपीए, ठरते. तरतूद किती करायची याचे किमान नियम असले, तरी कर्ज खरोखर कोणत्या वर्गात बसते हे ठरवताना बँकेच्या विवेकाला वाव राहतो. येस बँकेने २०१६-१७ साठी दाखवलेल्या एनपीएपेक्षा रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ६,३५५ कोटी रुपये अधिक आढळले होते. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले आणि त्यानंतर जाहीर झालेल्या डिसेंबर २०१९ च्या तिमाहीत तिचा तोटा १८,५६४ कोटी रुपये निघाला. पुनर्रचनेत ८,४१५ कोटी रुपयांचे अतिरिक्त टियर-१ रोखे, म्हणजे बँक संकटात आल्यास बुडवता येणारे रोखे, शून्यावर आणण्यात आले.

भांडवल पर्याप्तता : भारतीय बँकांना जोखीमभारित मालमत्तेच्या, म्हणजे जोखमीनुसार भार देऊन मोजलेल्या कर्जे व इतर मालमत्तेच्या, किमान ९ टक्के भांडवल व त्यावर २.५ टक्क्यांची गंगाजळी, असे एकूण ११.५ टक्के राखावे लागते. बिगरबँक वित्तीय कंपन्यांसाठी साधारणपणे १५ टक्क्यांची अट आहे. जोखीमभार बदलला की भांडवलाची गरज बदलते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण वैयक्तिक कर्जांवरील भार १०० वरून १२५ टक्के केला. त्यामुळे एक लाख रुपयांच्या अशा कर्जामागे लागणारे भांडवल ११,५०० वरून १४,३७५ रुपये झाले.

वाढीचा वेग जास्त असल्यासही भांडवल कमी पडते. समजा, १०० रुपयांच्या जोखीमभारित मालमत्तेमागे एखाद्या बँकेचे भांडवल १५ रुपये आहे. त्यावर तिने वर्षात १५ टक्के नफा कमावला व काहीच लाभांश दिला नाही, तर भांडवल १७.२५ रुपये होईल. पण त्याच वर्षी कर्जे २० टक्क्यांनी वाढली, तर प्रमाण १४.४ टक्क्यांपर्यंत घसरेल. म्हणून चांगला नफा असलेल्या संस्थाही नवे शेअर विकतात. पुण्याच्या बजाज फायनान्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये निवडक संस्थांना शेअर देऊन, म्हणजे ‘क्यूआयपी’ने, सुमारे ८,८०० कोटी रुपये उभारले. पुण्याचीच बँक ऑफ महाराष्ट्र २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात कमकुवत बँकांवर निर्बंध घालणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या तातडीच्या सुधारणा कारवाईखाली होती. त्यातून बाहेर पडल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये तिनेही ‘क्यूआयपी’च्याच मार्गाने ३,५०० कोटी रुपये मिळवले.

स्थावर मालमत्ता कंपन्यांचे निकाल : भारतीय लेखामानक ११५ हे १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. त्यानंतर बहुतेक विकासक घराचे उत्पन्न बांधकामाच्या टप्प्यांनुसार न धरता घर पूर्ण होऊन ताब्यायोग्य झाल्यावरच धरतात. महाराष्ट्रातील एक कोटी रुपयांच्या सदनिकेचे उदाहरण घेता येईल. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. राज्याच्या नमुना करारानुसार एकूण वसुलीची कमाल मर्यादा करारानंतर ३० टक्के, जोत्यापर्यंत ४५ व स्लॅबपर्यंत ७० टक्के अशी चढत जाते, पुढील टप्प्यांत आणखी वाढते आणि उरलेली शेवटची रक्कम भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना मिळते. म्हणजे विक्रीची नोंद एका तिमाहीत होते, पैसे अनेक तिमाह्यांत येतात आणि नफा-तोटा पत्रकात उत्पन्न कदाचित तीन-चार वर्षांनी दिसते. जाहिरातीचा खर्च मात्र त्या-त्या तिमाहीतच पडतो. गोदरेज प्रॉपर्टीजची २०२३-२४ मधील घरविक्री २२,५०० कोटी रुपयांहून अधिक असताना निव्वळ नफा सुमारे ७२५ कोटी होता, तो यामुळेच. जाणकार या क्षेत्रात नफ्याआधी विक्रीची नोंद, वसुली व निव्वळ कर्ज हे तीन आकडे पाहतात.

भांडवल-धोरणावर स्थावर मालमत्ता क्षेत्राचे नियमन करणाऱ्या ‘रेरा’ कायद्याचाही (२०१६) परिणाम झाला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते व ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करता येते. एका प्रकल्पाच्या पैशांतून दुसऱ्याची जमीन घेण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. जमीन विकत न घेता जमीनमालकासह संयुक्त विकसन करणे, मुंबईत सोसायट्यांचा पुनर्विकास घेणे आणि नवे भागभांडवल उभारणे यांकडे कल वाढला. लोढा समूहाच्या मॅक्रोटेक डेव्हलपर्सने एप्रिल २०२१ मध्ये २,५०० कोटींची प्रारंभिक भागविक्री केली, त्यातील १,५०० कोटी कर्जफेडीसाठी होते. गोदरेज प्रॉपर्टीजने डिसेंबर २०२४ मध्ये ‘क्यूआयपी’द्वारे ६,००० कोटी उभारले. भाड्याने दिलेल्या कार्यालयांसाठी ‘रीट’ (स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास) हा वेगळा मार्ग आहे. त्याचे नियम २०१४ चे असून पहिले भारतीय रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये सूचिबद्ध झाले. रीटला वितरणयोग्य रोकडीचा किमान ९० टक्के भाग गुंतवणूकदारांना वाटावा लागतो, त्यामुळे विस्तारासाठी नवे कर्ज किंवा नवे युनिट काढण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही.

टीका व मर्यादा : तीन महिन्यांच्या आकड्यांवर लक्ष खिळल्याने व्यवस्थापन दूरदृष्टी गमावते, हा जुना आक्षेप आहे. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तिमाही अहवालाची सक्ती काढली, ब्रिटनने २०१४ मध्ये. भारतात ती कायम आहे. मात्र तिमाही आकड्यांसाठी लेखापरीक्षकाचे मर्यादित पुनरावलोकन पुरते, संपूर्ण लेखापरीक्षण सक्तीचे आहे ते वार्षिक हिशेबाचे. जानेवारी-मार्च तिमाहीचे आकडे हे वर्षाच्या लेखापरीक्षित आकड्यांतून पहिल्या नऊ महिन्यांचे आकडे वजा करून काढलेले असतात आणि निकालाखालच्या टिपेत कंपनीला तसे नमूद करावे लागते.