शून्य कुठून मोजायचं?

सुपरचार्जर बसवलेल्या गाडीतला बूस्ट गेज नीट पाहिलात, तर एक गंमत दिसते. त्यातलं शून्य काट्याच्या वाटेत मध्येच कुठेतरी असतं. डावीकडचे आकडे बहुतेक वेळा इंच पाऱ्यात असतात आणि उजवीकडचे पीएसआयमध्ये, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब या हिशोबात. काटा एकच, हवा एकच, पण शून्य ओलांडलं की मोजायचं मापच बदलतं.

हा विचित्रपणा इतिहासाने मागे ठेवलेला आहे. १६४३ च्या सुमारास इटलीत तोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी उभी केली आणि बाहेरची हवा सुमारे ३० इंच उंचीचा पारा तोलून धरते, हे दाखवलं. १६४८ मध्ये पास्कालच्या मेव्हण्याने फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर तशीच नळी नेली, तर वर पारा खाली उतरलेला आढळला. म्हणजे हवेला वजन आहे आणि ते जागेनुसार बदलतं. पुढे १८४९ मध्ये पॅरिसच्या युजेन बूर्दों याने वाकवलेल्या चपट्या नळीच्या दाबमापकाचं पेटंट घेतलं. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर जशी उलगडते, तशी ही नळी दाबाने किंचित सरळ होते आणि काटा फिरवते. साध्या यांत्रिक बूस्ट गेजमध्ये आजही हीच नळी असते. वाफेची इंजिनं पौंडांत मोजली जात होती आणि निर्वात पाऱ्याच्या इंचांत. मोटारीच्या तबकडीवर दोन्ही शेजारी येऊन बसले.

आता काटा वाचूया. इंजिन नुसतं चालू आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही. थ्रॉटल जवळजवळ बंद, पण दट्टे हवा ओढतच आहेत. मॅनिफोल्डमध्ये हवेची टंचाई, म्हणून काटा शून्याच्या डावीकडे. पाय दाबला, सुपरचार्जरने हवा ढकलली, काटा उजवीकडे ७ वर गेला. हे ७ म्हणजे एकूण दाब नव्हे. समुद्रसपाटीला हवा मुळातच १४.७ पीएसआयने दाबत असते. ७ ही त्यावरची भर. एकूण झाले २१.७, म्हणजे नेहमीच्या साधारण दीडपट.

हवा ढकलणारं हे यंत्र मोटारीपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत इंडियानातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये एकमेकांत फिरणाऱ्या दोन पाळ्यांच्या भात्याचं पेटंट घेतलं, आणि तो भट्ट्यांना हवा देऊ लागला. मर्सिडीजने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरच्या विक्रीच्या गाड्या मांडल्या, त्यात हाच रूट्सचा भाता होता. त्यातल्या एकीचं नाव ६/२५/४०. पहिला आकडा कराच्या हिशोबाची अश्वशक्ती, दुसरा भात्याविना मिळणारी ताकद, तिसरा पेडल तळापर्यंत दाबून भाता जोडल्यावरची. १९२३ मध्ये मोंझाला फियाटच्या सुपरचार्ज्ड गाडीने ग्रां प्री जिंकली आणि शर्यतीच्या जगात भात्याशिवाय भागेना.

ही हौस आपल्याकडेही पोचली. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्या ताफ्यात १९३० च्या दशकातली सुपरचार्ज्ड ड्युसेनबर्ग एसजे होती. ड्युसेनबर्गच्या डॅशबोर्डवर उंची आणि हवेचा दाब दाखवणारी तबकडीही असे. ती शोभेची वाटली, तरी पुढच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

प्रश्न असा: शून्य म्हणजे कुठलं शून्य? दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न वैमानिकांच्या जिवाशी येऊन भिडला. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतलं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन सुपरचार्ज्ड होतं. सुरुवातीला ८७ ऑक्टेन पेट्रोलवर त्याला +६¼ पौंडांपर्यंतच बूस्ट देता येई. त्यापुढे मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप भडके आणि दट्ट्यांवर घण पडल्यासारखे आघात होत. १९४० मध्ये १०० ऑक्टेन इंधन आलं आणि अडचणीच्या वेळी +१२ पर्यंत जाण्याची मुभा मिळाली. ताकद सुमारे १०३० अश्वशक्तीवरून १३०० च्या वर गेली. ही सवलत होती पाच मिनिटांची, आणि वापरली की इंजिनाच्या वहीत नोंद करायची. बूस्टचा काटा अशा वेळी शेपटामागे लागलेल्या शत्रूपासून सुटायचं की इंजिन वाचवायचं, याचा हिशोब दाखवत असे.

हेच ब्रिटिश +१२ जर्मन विमानात १.८८ वाचलं असतं आणि अमेरिकन विमानात ५४. ब्रिटिशांचं शून्य समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेवर होतं. जर्मन आणि अमेरिकन पूर्ण निर्वातापासून मोजत, जर्मन तांत्रिक वातावरणात, अमेरिकन इंच पाऱ्यात. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेलं मर्लिन मस्टँग विमानात ६७ इंचांवर चाले आणि त्याचंच भावंड स्पिटफायरमध्ये +१८ वर. आकडे ऐकून कुणालाही मस्टँगचं इंजिन कितीतरी जास्त ताणलेलं वाटेल. प्रत्यक्षात दोन्हींत दाब सारखाच होता.

या तिघांत एक साम्य मात्र होतं. विमान उंच गेलं म्हणून त्यांचं शून्य हलत नसे. आपल्या गाडीतल्या साध्या गेजचं शून्य हलतं, कारण ते आजूबाजूच्या हवेवरून मोजतं. समजा, मुंबईत ७ दाखवणारी गाडी घेऊन तुम्ही लेहला गेलात. तिथे बाहेरची हवाच साधारण साडेनऊ पीएसआयची. पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर आत येईल ती हवा साधारण दीडपट करतो, म्हणजे चौदाच्या आसपास. काटा पाचाच्या जरा खाली दिसेल. उजवीकडे आहे म्हणून मन खूश होईल, पण इंजिनाला मिळणारी हवा मुंबईतल्या सुपरचार्जर नसलेल्या गाडीएवढीही नाही. सुपरचार्जर बिघडलेला नसतो. आकडा कमी दिसला म्हणून पुली बदलायला धावण्याआधी आपण किती उंचीवर आहोत ते पाहावं.

दुसरी गोष्ट काटा सांगतच नाही, ती म्हणजे तापमान. हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते. दोन गाड्या ७ दाखवत असतील आणि एकीतली हवा गरम असेल, तर तिच्या सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो आणि नॉकिंगचा धोका वाढतो. स्टॅनली हूकर हा गणिती १९३८ मध्ये रोल्स-रॉइसमध्ये आला आणि मर्लिनच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता, हवेचे मार्ग, आकडेमोड करून सुधारत गेला. पुढे दोन टप्प्यांत हवा दाबणारं आणि मध्ये ती थंड करणारं मर्लिन आलं. १९४२ च्या स्पिटफायर ९ मध्ये ते बसलं आणि फोकवुल्फ १९० पुढे मागे पडलेली स्पिटफायर पुन्हा बरोबरीला आली. आजच्या गाडीतला इंटरकूलर हेच काम करतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. काटा सिलिंडरमध्ये किती हवा गेली ते मोजत नाही, दाराशी किती दाटी झाली ते मोजतो. दादरच्या फलाटावरची गर्दी पाहून तासाला किती माणसं लोकलमध्ये चढली ते कळत नाही. माणसं जास्त आली तरी गर्दी होते आणि डब्याची दारं अरुंद असली तरी होते. इंजिनाचे झडपांकडचे मार्ग मोकळे केले, एक्झॉस्ट सुधारला, की बूस्ट कमी दिसतो आणि ताकद वाढते. उलट अचानक बूस्ट वाढला, तर कुठे काही तुंबलंय का, हेही तपासायला हवं.

आणि हा आकडा फुकट मिळत नाही. सुपरचार्जर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. बेंटलीच्या साडेचार लिटर गाडीला टिम बर्किनने सुपरचार्जर लावायचं ठरवलं, तेव्हा डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला विरोध होता. त्यांना मोठं, साधं इंजिन हवं होतं. १९३० च्या ले मान्सला बर्किनच्या गाडीने मर्सिडीजचा जिवावर उदार होऊन पाठलाग केला, पण सुपरचार्ज्ड बेंटली शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. जिंकली ती बेंटलीचीच सुपरचार्जर नसलेली साडेसहा लिटरची स्पीड सिक्स. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला तेच झालं. दीड लिटरची अल्फा रोमिओ १५९ चारशेवर अश्वशक्ती काढायची, पण एका लिटरला जेमतेम अर्धा किलोमीटर जायची. साडेचार लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या फेरारीने, गोंझालेझच्या हातात, तिला हरवलं. फेरारीचा विश्वविजेतेपदाच्या मालिकेतला तो पहिला विजय.

तेव्हा मित्राने आपल्या गाडीचा बूस्ट अभिमानाने सांगितला, तर विचारायच्या गोष्टी चार. हा आकडा कुठल्या शून्यापासून आहे? आत जाणारी हवा किती तापलेली आहे? इंजिनाचा मार्ग किती मोकळा आहे? आणि पेट्रोल कुठलं घालतोस? पहिल्या तिन्हींची उत्तरं ठीक असली आणि चौथं चुकलं, तरी इंजिन उघडायची वेळ येते. १९४० मध्ये वैमानिकांना +१२ ची परवानगी मिळाली होती, ती इंधन बदलल्यानंतरच.