संधिवात संदर्भसेवा, नंदुरबार जिल्हा

सांध्यांच्या दाहक विकाराचा संशय असलेल्या रुग्णाला संधिवाततज्ज्ञाकडे पाठविण्याची व्यवस्था. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आरए) सुरुवातीच्या महिन्यांतच औषधे सुरू झाली, तर सांधे वाकडे होणे बऱ्याच अंशी टळते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून झालेल्या पाहणीत सुमारे ०.५ टक्के प्रौढांना आमवात आढळला. ग्रामीण भागातही हा आजार दुर्मीळ नाही.

स्थानिक संदर्भ : १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारमध्ये, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची आदी समाजांत सिकलसेल आढळतो. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. त्यामुळे हाडे ठणकतात, लहान मुलांचे हात-पाय सुजतात, खुब्याच्या हाडाचा गोलक निकामी होतो. हे दुखणे संधिवातासारखे भासते. त्यावर सरसकट स्टेरॉइड दिल्यास वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. म्हणून येथे रेफर करण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. मात्र निव्वळ वाहक असलेल्याची सांधेसूज सिकलसेलच्या माथी मारू नये, आणि सिकलसेलच्या रुग्णालाही आमवात होऊ शकतो, हे विसरू नये.

कोणाला पाठवावे : सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सांधेसूज, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त राहणारा आखडलेपणा आणि बोटांची मुळे एकत्र दाबताच उठणारी कळ, या महत्त्वाच्या खुणा आहेत. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून रुग्णाला थांबवू नये. ताप असून एकच सांधा लाल, गरम झाला असेल, तर तज्ज्ञाच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सांध्यातील पाणी काढून तपासावे.

संदर्भचिठ्ठी : ‘सांधेदुखी’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. कोणते सांधे, किती दिवसांपासून, कोणती औषधे व इंजेक्शने दिली, सिकलसेलचा निष्कर्ष, हिमोग्राम, ईएसआर, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे, हे सारे नमूद करावे. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यांवरून आलेल्या माणसाला एक अपुरी चिठ्ठीसुद्धा पुन्हा खेप घालायला लावून त्याची मजुरी बुडवते.

पाठपुरावा : तज्ज्ञाची परतीची चिठ्ठी गावाजवळच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे गोळीचा वार रुग्णाला त्याच्या बोलीत सांगून चिठ्ठीवर लिहावा आणि रक्ततपासणी शक्यतो जवळच व्हावी.