शिकारीचा बंदोबस्त

माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात नोकरी करतो. घनसावंगीत असताना तो माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकला. मागच्या महिन्यात त्याने एक फोटो पाठवला. त्याच्या ऑफिसातला एक गोरा सहकारी भल्यामोठ्या शिंगांच्या जनावराशेजारी गुडघे टेकून बसलेला. जनावर म्हणजे कॅरिबू. नाताळच्या चित्रांत सांताक्लॉजची गाडी ओढणारा जो रेनडिअर आपण पाहतो, त्याचाच उत्तर अमेरिकेतला रानटी भाऊ. फोटोखाली प्रश्न होता, "सर, याने मला गोश्तचं पाकीट दिलंय. खाता येईल का?"

फतवा देणं माझं काम नाही. तिथल्या इमामसाहेबांना विचार, असं मी कळवलं. पण इतिहासाच्या खोडीमुळे मीही उलट विचारलं, की याने ही शिकार केली कशी? मग कळलं, की हा गृहस्थ मॅकेन्झी पर्वतात गेला होता. बाहेरच्या माणसाला तिथे एकट्याने मोठी शिकार करता येत नाही. परवानाधारक कंपनीमार्फतच जावं लागतं. विमान, तंबू, वाटाड्या, स्वयंपाक, परवान्याचे कागद, मांस कापून बांधणं, शिंगं घरपोच करणं, सगळं कंपनी बघते. शिकाऱ्याने पैसे भरायचे, वाटाड्यामागे चालायचं आणि तो सांगेल तेव्हा चाप ओढायचा.

हे वाचताना मला आपलाच एक शब्द आठवला, बंदोबस्त. फारसीत 'बंद' आणि 'बस्त' हे दोन्ही बांधण्याचेच शब्द. आज बंदोबस्त म्हटलं, की गणपती आणि मोहरममधले पोलीसच डोळ्यांसमोर येतात. पण आपल्या दकनमध्ये शिकारीचाही बंदोबस्त असे, आणि त्यात शेकडो माणसं बांधलेली असत. शिकार हा शब्द फारसी. मराठीत त्यासाठी 'पारध' हा स्वतःचा शब्द होता. दरबारी खेळाला आपण 'शिकार' म्हणू लागलो आणि 'पारध' तेवढी पारध्यांकडे उरली. पुढे त्यांच्याकडून तीही काढून घेतली गेली, ते खाली येईलच.

काळविटाची चित्त्याकडून होणारी शिकार घ्या. मोगलांपासून हैदराबाद आणि कोल्हापूरपर्यंत हा राजेशाही खेळ. पण खेळाची सुरुवात राजवाड्यात होत नसे. चित्ता ठरावीक झाडांपाशी वारंवार येतो, खोडावर नखं ओढतो, आपली खूण ठेवतो. पारध्यांतली एक शाखा अशी झाडं हेरून त्यांच्याभोवती फास मांडायची आणि चित्ता जिवंत धरायची. त्यांना चित्तेवाले पारधी म्हणत. धरलेला चित्ता मग चित्तेवानाच्या ताब्यात जाई. डोळ्यांवर टोपी बांधून माणसांच्या गलक्यात ठेवायचं, हातानं भरवायचं, असं करत महिनोन्‌महिने त्याला सरावाला आणत. शिकारीच्या दिवशी तो बैलगाडीवर बसून जाई, कारण काळविटांना बैलगाडीची सवय असते. माणूस चालत आला तर ते पळतात, गाडीला तितके बिचकत नाहीत. गाडी वळसे घेत कळपाजवळ न्यायची आणि टोपी काढायची. पुढचा सगळा मामला काही सेकंदांचा. चित्त्याने काळवीट पाडून गळा दाबून धरला, की चित्तेवान धावत जाऊन सुरी फिरवी, लाकडी पळीत रक्त धरून चित्त्याला देई आणि तो पिण्यात गुंतला, की पुन्हा टोपी चढवी. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न त्या मैदानात रोजच्या कामाचा भाग होता. शिकवलेल्या जनावराने धरलेली शिकार अल्लाहचं नाव घेऊन खाता येते, हे आपल्याकडे मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असतं.

या खेळाची किंमत चित्त्याने मोजली. पिंजऱ्यात चित्ता सहसा विणत नसे. जहांगीराच्या काळात एका पाळीव चित्तिणीला पिल्लं झाली, तर बादशहाने ते आपल्या आत्मचरित्रात नवल म्हणून नोंदवलं. म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरायचा. विसाव्या शतकात कोल्हापूरसारख्या संस्थानाला चित्ते आफ्रिकेतून विकत आणावे लागले. १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला चित्ते आले तेव्हा टीव्हीवर राजे आठवले गेले. ज्यांना चित्त्याचं झाड ओळखता येत होतं त्यांचा उल्लेख मी तरी ऐकला नाही.

जानेवारी १८९३ मध्ये ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड हैदराबादला आला. होय, तोच. २८ जून १९१४ ला साराएव्होत ज्याच्या खुनाने पहिलं महायुद्ध पेटलं, आणि दहावीची मुलं ज्याचं नाव दरवर्षी नव्या पद्धतीने चुकवतात. तो सहावे निजाम महबूब अली खान यांचा पाहुणा होता. चित्त्यांची शिकार पाहिली, वाघ मारला आणि रोजनिशीत लिहून ठेवलं. हा माणूस आपली शिकार मोजायचा; आयुष्यभराचा त्याचा हिशेब पावणेतीन लाखांच्या घरात जातो. इतकी जनावरं स्वतः शोधून मारायला एक आयुष्य पुरणार नाही. कुणीतरी ती शोधून, हाकून समोर आणत होतं.

महबूब अली पाशा स्वतः नावाजलेले शिकारी होते. त्यांच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. त्यांच्या स्टुडिओतला एक फोटो जगभर छापला जातो. १९०२ चा उन्हाळा, वरंगळकडच्या नेकोंडाचा कॅम्प, व्हाइसरॉय कर्झन आणि लेडी कर्झन, जमिनीवर वाघ. कॅनडाहून आलेला फोटो मी या फोटोशेजारी ठेवून पाहिला. एकशे वीस वर्षांत बंदूक बदलली, कपडे बदलले, उभं राहण्याची ऐट तीच आहे. मी विद्यार्थ्याला म्हटलं, त्या साहेबाला वाटाड्याचं नाव विचार. उत्तर आलं, "आडनाव आठवत नाही म्हणतो. फोटो त्यानेच काढला होता."

आपल्या मराठवाड्यात याचा सगळ्यात मोठा दाखला वाघाचा नाहीच, अजिंठ्याचा आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीत उतरला आणि त्याला लेणी दिसली, असं आपण शिकवतो. गुराख्याच्या पोराने वाट दाखवली, असंही सांगितलं जातं. स्मिथने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली, ती अजून आहे. दरीतल्या माणसांना लेणी ठाऊक होती, त्यांना ती 'सापडण्याची' गरज नव्हती. पण त्या पोराने कुठे नाव कोरलं नाही. तिथून जवळच कन्नडचा औट्रम घाट. जेम्स औट्रम खानदेशात भिल्लांची पलटण उभारायला आला आणि भिल्लांच्याच मदतीने त्याने वाघ मारले. घाटाला नाव त्याचं मिळालं.

आता घरातली गोष्ट. माझी नानी गोदाकाठच्या एका गावातली. तेव्हा आपला हा भाग अंबड तालुक्यात होता, आणि जालना जिल्हा तर १९८१ चा. ती सांगायची, "डेरा आया बोले तो मरदां जवारी में छुप जाते थे." डेरा म्हणजे दौऱ्यावर आलेल्या तालुकदाराचा किंवा त्याच्या पाहुण्यांचा तळ. निजामी राज्यात तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. तळाला सरपण, कडबा, कोंबड्या, अंडी, दूध गावाने पुरवायचं. सामान वाहायला गडी गावाने द्यायचे. शिकार असेल तर हाका करायला माणसं गावाने द्यायची. याला बेगार म्हणत, मराठीत वेठ. डबे, ढोल बडवत झाडीतून जनावर पुढे रेटायचं, आणि बंदूकवाला मचाणावर. जनावर उलटलं, तर ते मचाणावर चढत नाही, हाकाऱ्यावर येतं.

निजामी राजवटीचा विषय निघाला, की आपल्याकडे दोन तट पडतात. एकाला फक्त जुलूम दिसतो, दुसऱ्याला फक्त उस्मानिया विद्यापीठ. नानीच्या ज्वारीत लपणारे पुरुष मुसलमान होते, राज्य मुसलमान राजाचं होतं, आणि तरी ते लपत होते. शेजारच्या महारवाड्यातल्या माणसांना तर लपायचीही सोय नसे, कारण पहिली हाक त्यांनाच. मचाण आणि झाडी यांतलं अंतर धर्माने ठरत नव्हतं, हे मला कुठल्या पुस्तकाआधी नानीकडून कळलं.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले, बंदोबस्त कंपन्यांकडे आला. त्यातली एक नामांकित कंपनी आपल्या नागपूरची, अॅल्विन कूपर. विद्याचरण शुक्ल यांनी खासदार होण्याआधी ती काढली होती. आणीबाणीत माहिती-नभोवाणी मंत्री होते तेच. परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात वाघाची शिकार घडवून आणायची, हा धंदा. जंगलखात्याने शिकारीसाठी जंगलाचे गट पाडलेले असत, त्यांचा परवाना काढायचा. जीप, तंबू, खानसामा, शिकारी, आमिषाला रेडकू, वर मचाण. कातडं म्हैसूरच्या व्हॅन इंजन कारखान्यात भुसा भरायला पाठवायचं. देशाला डॉलर हवे होते, म्हणून सरकारचीही ना नव्हती. कॅनडातल्या त्या सहकाऱ्याने पैसे भरून जे घेतलं, ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी नागपुरात मिळत होतं.

मग हिशेब समोर आला. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प, ज्याच्या पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. कायदा गरजेचाच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो नसता तर आज आपल्या शिवारात सोयाबीन खाणारं हरणही दिसलं नसतं. (शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, बरं झालं असतं. त्याचंही चूक नाही, पंचनाम्याच्या चकरा त्यालाच माराव्या लागतात.)

पण कायदा आल्यावर कुणाचं काय झालं? कंपनीवाले दुसऱ्या धंद्यात गेले. राजवाड्यांची हॉटेलं झाली, भिंतीवरच्या वाघासकट. पारध्याचं काय? १८७१ च्या कायद्याच्या वाटेने इंग्रजांनी त्यांना जन्माने गुन्हेगार ठरवलं होतं, तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. वीस वर्षांनी त्यांचा पिढीजात उद्योगच गुन्हा झाला. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हरणापर्यंत जाणारा गायपारधी, फासे विणणारा फासेपारधी, यांचं ज्ञान एका दिवसात पुरावा बनलं. एका राजाने वेगळा रस्ता काढून दाखवला होता. शिकारीचे शौकीन असलेल्या शाहू महाराजांनी फासेपारध्यांना पहारेकरी म्हणून नोकऱ्या दिल्या, आणि अशा जमातींची रोजची पोलीस हजेरी १९१८ मध्ये बंद केली. त्यांच्या उदाहरणाची उजळणी आपण जयंतीला करतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक पारधी मुलगा होता. पुस्तकात रमत नसे. एकदा सहलीला पोरांना घेऊन शिवारातून चालत होतो. त्याने मातीत पाहून सांगितलं, "सर, सात गेलेत, एक लंगडतंय, आत्ताच गेलेत." बांध ओलांडला तर समोर काळविटांचा कळप, आणि मागे राहिलेली एक लंगडी मादी. बाकीची पोरं टाळ्या वाजवण्याऐवजी हसली, "चोराला बरोबर कळतं." मी त्यांना रागावलो. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याला जे येत होतं त्याला गुण द्यायला माझ्या प्रगतिपुस्तकात रकाना नव्हता.

कॅनडातलं पुढचं मी वाचून काढलं. तिथे बॅथर्स्ट नावाचा कॅरिबूंचा प्रसिद्ध कळप आहे. १९८६ मध्ये त्यात साधारण पावणेपाच लाख जनावरं होती. २००९ मध्ये सुमारे ३२ हजार, २०१८ मध्ये आठ हजारांच्या आसपास. हवामान, खाणी, रस्ते, शिकार, कारणांवर वाद चालू आहे. २०१० मध्ये या कळपावर जाणाऱ्या कंपन्यांच्या सहली बंद झाल्या. हळूहळू ज्यांचं हजारो वर्षांचं पोट आणि पांघरूण या जनावरावर होतं, त्या त्लिचो लोकांचीही शिकार थांबली. इथवर गोष्ट आपलीच वाटते. पण २०१६ पासून त्लिचो लोकांनी आपली माणसं उन्हाळ्यात कळपामागे पाठवायला सुरुवात केली. मारायला नाही, पाहायला. वडीलधारे आणि तरुण तिथे तळ ठोकून राहतात, किती वासरं आहेत, कोण लंगडतंय, लांडगे किती, हे नोंदवतात, आणि ती नोंद सरकारी शास्त्रज्ञांच्या आकड्यांशेजारी मांडली जाते. हे वाचताना मला बांधाजवळची ती लंगडी मादी आठवत होती.

विद्यार्थ्याला हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. तो म्हणाला, इमामसाहेबांनी दोन गोष्टी विचारायला सांगितल्यात, गोळी झाडताना कुणाचं नाव घेतलं, आणि सुरी कोणी फिरवली. दुसरीचं उत्तर साहेबाला माहीत होतं, वाटाड्याने. पहिलीचं विचारायला मुलाला संकोच वाटतो. पाकीट अजून फ्रीजरमध्ये आहे.