पदकाच्या कडेवरचे नाव

तळेगाव ढमढेरे ते कोरेगाव भीमा हे अंतर मोटारसायकलने अर्ध्या तासाच्या आतले. त्यामुळे आमच्या भागात कोणाच्या पेटीत जुने पदक निघाले, की ते हमखास ‘कोरेगावच्या लढाईतले’ असते. जुन्या पदकांचा नाद मला नोकरीत असतानाच लागला. निवृत्तीनंतर तर माझे नाव कोणीतरी कोणाला सांगते आणि माणसे पुरचुंडी घेऊन दारात येतात. आजवर अशी अकरा पदके माझ्या हाताखालून गेली. त्यातले एकही कोरेगावचे नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात शिक्रापूर रस्त्यावरच्या एका वस्तीवरून सत्तरीचे एक गृहस्थ नातवाला घेऊन आले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी चांदीचे एक काळवंडलेले पदक माझ्यापुढे ठेवले.

“गुरुजी, कोरेगावचं आहे हे. आमच्या आज्याच्याही पणज्याचं. एक जानेवारीला स्तंभाकडं जाताना आजा हे छातीला लावायचा. तुम्ही फक्त एकदा कागदावर लिहून द्या.”

पदक पालथे करताच मला उत्तर कळले होते. पण ते सांगायचे कसे, या विचाराने मी आधी चहा सांगितला आणि कोरेगावच्या खऱ्या पदकाची हकीकत सुरू केली.

१ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. आदल्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला होता. त्याच्याबरोबर मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे पाचशेच्या आसपास शिपाई, पुण्याचे अनियमित घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. भीमेपलीकडे दुसऱ्या बाजीरावाची फौज. दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांतून झुंज चालली. हे सारे आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यावर वादही पुष्कळ झाले आहेत, म्हणून इथे एवढेच पुरे.

लढाईनंतर लगेच शिपायांच्या छातीवर पदक लागले नाही. १८२१ मध्ये स्तंभाचा पाया घातला गेला आणि त्यावर पडलेल्यांची नावे कोरली गेली. ‘नाक’ने संपणारी ती महार शिपायांची नावे आज सगळ्यांना ठाऊक आहेत. पदक मात्र मंजूर झाले १८५१ मध्ये, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षांनी. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक ते हेच. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचे मस्तक, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडाजवळ बसलेली विजयदेवता, फीत फिकट निळी. खाली १७९९ ते १८२६ असे साल, पण ज्या लढायांसाठी ते दिले त्यातली पहिली १८०३ मधली! लढाईच्या नावाची वेगळी पट्टी फितीवर चढवत. अशा पट्ट्या एकूण एकवीस होत्या आणि त्यांत आपल्याकडची नावे किती तरी आहेत: असई, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर. कोरेगावचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाने असे केले, की ते ‘कोरीगॉम’ असे वाचावे लागते.

खरी गोम वेगळीच आहे. हे पदक फक्त १८५१ मध्ये हयात असलेल्यांना आणि तेही अर्ज केला तरच मिळे. १८१८ मध्ये पंचविशीत असलेला शिपाई तेव्हा साठीच्या जवळ आलेला. आपल्यासाठी सरकारने पदक काढले आहे, ही बातमी घाटमाथ्यावरच्या किंवा कोकणातल्या खेड्यात त्याच्यापर्यंत किती वेळा पोचली असेल? सगळ्या एकवीस पट्ट्या धरून पदके साडेचार हजारांच्या आसपास वाटली गेली. स्टाँटनला सी. बी. हा किताब मिळाला, कंपनीने तलवार दिली, पण तो १८२५ मध्येच वारला, म्हणून पदक त्यालाही नाही. म्हणजे मेलेले दगडावर, दीर्घायुषी चांदीवर. लढाईतून जगून परत आले आणि मग पुढच्या तेहतीस वर्षांत शेतात नाहीतर पटकीत गेले, ते शिपाई कुठेच नाहीत. संख्येने तेच जास्त असणार.

दुर्मीळ वस्तू म्हटली की नक्कल आलीच. पुण्यात एका विक्रेत्याकडून मीही एकदा ‘कोरीगॉम’ची पट्टी असलेले पदक घेतले आणि दोन महिने हवेत होतो. राणीचे केस साबणासारखे बुळबुळीत होते आणि कड कोरी होती, हे दिसत असूनही मला दिसले नाही. दोन महिन्यांचे पेन्शन गेले. तेव्हापासून मी पदक हातात घेतले, की चित्र नंतर पाहतो, कड आधी पाहतो.

ब्रिटिश मोहिमांच्या बहुतेक पदकांच्या कडेवर मानकऱ्याचा हुद्दा, नाव आणि पलटण घातलेली असते. ही सोय सगळीकडे नाही. माझे एक स्नेही एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अधिकाऱ्यांची पदके जमवतात. प्रशियाचा आयर्न क्रॉस घ्या, रेड ईगल घ्या, त्यावर सहसा नावच नसते. एका अधिकाऱ्याची चार-पाच पदके एका पट्टीवर ओळीने शिवलेली सापडली, तर सैन्याच्या छापील याद्यांत नेमकी तेवढीच पदके कोणाला मिळाली होती ते ते शोधत बसतात. ओळ सुटली, पदके वेगळी विकली गेली, की माणूस हरवला. आमचे काम त्या मानाने सोपे. मात्र कोणी कानस लावून नाव घासले, की पदकाचा व्यास आणि वजन किंचित कमी भरते, एवढे पाहावे लागते.

एव्हाना नातवाने पदक हातात घेतले होते. “घोड्याच्या पायाखाली हे काय आहे?” त्याने विचारले. मी भिंग दिले. गरुडाचे चिन्ह असलेली ढाल आणि शेजारी कवटी. तो गरुड प्रशियाचा. माझ्या स्नेह्यांच्या संग्रहात मानाने बसलेला तोच पक्षी इथे टापांखाली आहे, कारण हे पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल. १९१९ मध्ये काढलेले. कोरेगावनंतर शंभर वर्षांनी.

गृहस्थांचा चेहरा उतरला. मी कड उजेडाकडे धरली आणि अक्षरे सावकाश वाचली. क्रमांक, सिपाही, मग नाव, मग ‘१११ महार्स’.

“नाव परत वाचा,” ते म्हणाले.

मी वाचले. ते त्यांच्या आज्याचे होते.

या ‘१११’ आकड्यामागे बरेच काही आहे. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या भरती झालेल्या महारांना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सैन्याचा दरवाजा बंद झाला. काही जाती तेवढ्या लढाऊ, हा सिद्धान्त तेव्हा साहेबांच्या डोक्यात बसला होता. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर शिपाई. १८९४ मध्ये त्यांनी याविरुद्ध अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, मग आता आम्ही अपात्र कसे, असा त्या अर्जांचा रोख होता. अर्जांनी जे झाले नाही ते महायुद्धातल्या माणसांच्या टंचाईने केले. १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. दार पुन्हा बंद. महार रेजिमेंट निघाली ती १९४१ मध्ये, आणि तिच्या टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता.

म्हणजे त्यांचा आजा जेमतेम चार वर्षे उघड्या राहिलेल्या दारातून आत गेला होता. पलटण मोडल्यावर तो गावी आला. घरात तो एवढेच सांगे, की मी ‘पलटणीत होतो’. १ जानेवारी १९२७ रोजी कांबळे यांच्या पुढाकाराने स्तंभाजवळ सभा भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. त्यानंतरच्या वर्षांत कधीतरी आजा पदक लावून तिथे जाऊ लागला असावा. स्तंभाजवळ छातीला दिसणारे पदक स्तंभाचेच, असे पोराबाळांनी धरले. त्याने ते खोडून काढले नाही, की त्याला कोणी विचारलेच नाही, हे आता कळायला मार्ग नाही. अशी पदके गावोगाव सोनाराकडे जाऊन त्यांचे करदोटे आणि पैंजण झाले. हे मात्र राहिले.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे दुसऱ्याचं लावत नव्हता.”

मी कागद लिहून दिला, पण कोरेगावचा नव्हे. पदकाचे नाव, साल आणि कडेवरची अक्षरे देवनागरीत, जशीच्या तशी. चिंचेने घासू नका, कडेवरची अक्षरे झिजतात, असेही बजावले. नातवाने मोबाइलवर चहूबाजूंनी कडेचे फोटो काढले. आजोबांनी पुरचुंडी बांधली आणि कागद तिच्यात न ठेवता वरच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे सरकवला.